तरफांचा विरता नाद आणि माइकची निवड: दादरमधील एका सतार-ध्वनिमुद्रणाचे प्रकरण

पार्श्वभूमी

संबंधितांची ओळख उघड होऊ नये म्हणून या प्रकरणातील व्यक्तींची नावे व घराचा नेमका पत्ता दिलेला नाही.

दादर पूर्वेला, मध्य रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर एक ज्येष्ठ सतारवादिका राहतात. त्यांचे वय सत्तरीपुढे आहे आणि सारे विद्यार्थी त्यांना ‘बाई’ म्हणतात. बोटांच्या सांध्यांत ताठरपणा जाणवू लागल्यावर त्यांनी स्वतःच विषय काढला की, हात चालतो आहे तोवर जे नोंदवायचे ते नोंदवून घ्या. विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून दीड लाख रुपये जमवले. काम दोन प्रकारचे होते. एक म्हणजे तानपुऱ्याच्या साथीने काही रागांचे आलाप-जोड. आणि दुसरे, बाईंच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे, म्हणजे शिकवणीचे पाठ: एकच षड्ज छेडून तो पूर्ण विरेपर्यंत ऐकवणे, एका पडद्यावरून तार ओढून घेतलेली पाच स्वरांची मींड, कृंतन आणि जमजमा या डाव्या हाताच्या हरकती, तरफा (मुख्य तारांच्या नादाने आपोआप झंकारणाऱ्या खालच्या बारीक तारा) लावण्याची पद्धत, जवारी (घोडीचा तार टेकणारा पृष्ठभाग, ज्याने झंकार येते) बसली आणि उघडी असताना होणारा फरक. या पाठांना तानपुरा नको होता, कारण त्यांत जे ऐकवायचे होते ते तानपुऱ्याखाली झाकले गेले असते.

बाईंची सतार खर्ज-पंचम पद्धतीची, म्हणजे खालच्या सप्तकाच्या जाड तारा असलेली आहे आणि काळी एकमध्ये मिळवलेली असते. म्हणजे तिची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर बोलते, तर दुसऱ्या टोकाला जवारीची झंकार दहा किलोहर्ट्झच्याही पुढे पोहोचते. एवढा विस्तार, आणि त्यातही नखीचा (तार छेडण्यासाठी बोटात घालतात त्या मिजराबचा) ठोका व तरफांचा शेवटचा कण यांच्या पातळीत असलेले प्रचंड अंतर, हीच या वाद्याच्या ध्वनिमुद्रणातली खरी कसोटी आहे.

पुढाकार घेतलेल्या विद्यार्थ्याकडे दोन चॅनेलचा एक साधा ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारे यंत्र) आणि शुअर एसएम५७ हा डायनॅमिक, म्हणजे बाहेरून वीज न लागणारा, माइक आधीपासून होता. मी ध्वनिमुद्रणाचे काम करतो. माझ्याकडे आलेला प्रश्न एवढाच होता की, कोणता प्रीअँप, म्हणजे माइकचा क्षीण संकेत वाढवणारे यंत्र, घ्यावा.

अडचण

एप्रिलमधील एका संध्याकाळी पहिली चाचणी झाली. माइक घोडीपासून (तारा ज्यावरून जातात त्या आधारापासून) एक वीतभर अंतरावर ठेवला होता. जोरकस बोल स्वच्छ आले होते. पण षड्ज छेडून सोडला की दोन-तीन सेकंदांत तरफांच्या खालून एक सलग ‘सूऽऽ’ वर येई, ज्याला आमच्या व्यवसायात ‘हिस’ म्हणतात, आणि त्याच्याही खाली एक जड घरघर होती. बाईंनी हेडफोन लावून ऐकले आणि म्हणाल्या, “नखी लागते तेव्हा सतार आहे. सोडली की कोणीतरी पंखा लावल्यासारखं वाटतं. पंखा तर बंद आहे ना?” पंखा बंदच होता.

विद्यार्थ्याचा निष्कर्ष तयार होता: इंटरफेसमधला प्रीअँप हलका आहे, म्हणून हिस येतो. त्याने नव्वद हजारांच्या आसपासचा एक स्वतंत्र दोन चॅनेलचा प्रीअँप पाहून ठेवला होता. मला हे नोंदवले पाहिजे की पहिले दोन दिवस मलाही त्याचे म्हणणे पटले होते. हिस म्हणजे प्रीअँप हे समीकरण आमच्या क्षेत्रात इतके रुळलेले आहे की ते तपासून पाहावे असे सहसा कोणाला सुचत नाही. थांबलो ते एका साध्या शंकेमुळे: घरघर आणि हिस यांचे मूळ एकच असेल कशावरून?

पहिला निर्णय: खरेदीआधी मोजणी

लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, १५० ओहमचा एक मेटल फिल्म रेझिस्टर आणि माइकच्या केबलला असतो तसा तीन पिनांचा एक्सएलआर प्लग आणला आणि प्लगच्या दुसऱ्या व तिसऱ्या पिनांमध्ये तो रेझिस्टर डाखून घेतला. हा प्लग प्रीअँपला लावला की प्रीअँपला वाटते, माइक जोडलेला आहे. पण तो माइक ठार बहिरा असतो. त्या अवस्थेत जे ऐकू येते तो प्रीअँपचा आणि रेझिस्टरचा स्वतःचा आवाज. दीडशे ओहमच्या रेझिस्टरमधील उष्णताजन्य आवाज वीस किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सुमारे उणे १३१ डीबीयू असतो (हे विद्युत पातळीचे एकक; उणे आकडा जितका मोठा तितका आवाज कमी). ही निसर्गाची मर्यादा आहे आणि कितीही महाग प्रीअँप घेतला तरी ती ओलांडता येत नाही. आजचे बरे इंटरफेस पूर्ण गेनवर, म्हणजे संकेत जास्तीत जास्त वाढवताना, उणे १२८ डीबीयूच्या जवळपास पोहोचतात. याचा अर्थ सरळ होता: नव्वद हजार खर्चून या एका बाबतीत जास्तीत जास्त तीन डेसिबल मिळणार होते.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. माहितीपत्रकात छापलेला हा आकडा जवळजवळ नेहमी पूर्ण गेनवरचा असतो. गेन निम्म्यावर असताना तोच प्रीअँप बराच वाईट वागू शकतो. म्हणून आम्ही ज्या गेनवर काम होणार होते त्याच गेनवर मोजणी केली आणि छापील आकड्यावर विसंबलो नाही.

त्यानंतर त्याच गेनवर, रात्री, घरातील सर्व उपकरणे बंद करून रिकाम्या खोलीचे ध्वनिमुद्रण डायनॅमिक माइकने केले आणि ते रेझिस्टरच्या ध्वनिमुद्रणाशेजारी ठेवून दोहोंचे वर्णपट, म्हणजे कोणत्या कंपनसंख्येला किती आवाज आहे याचे आलेख, पाहिले. खालच्या पट्ट्यात, साधारण तीनशे हर्ट्झच्या आत, खोलीची रेघ रेझिस्टरच्या रेघेच्या फार वर होती. पण चार किलोहर्ट्झच्या पुढे दोन्ही रेघा जवळपास एकमेकींवर बसत होत्या. म्हणजे दुखणी दोन होती. घरघर खोलीची होती आणि तिच्याशी प्रीअँपचा संबंध नव्हता. हिस मात्र खोलीचा नव्हता; माइककडून येणारा विद्युत संकेतच इतका क्षीण होता की, तो प्रीअँपच्या आवाजात बुडत होता.

हा क्षीणपणा आकड्यांत पाहिला की पुढचा मार्ग आपोआप दिसतो. माइकची संवेदनक्षमता ९४ डेसिबलच्या, म्हणजे एक पास्कलच्या ध्वनिदाबाला किती मिलिव्होल्ट मिळतात यावर सांगतात. एसएम५७ सारखा डायनॅमिक माइक दोन मिलिव्होल्टपेक्षाही कमी देतो. न्यूमन केएम १८४ हा लहान पडद्याचा (येथे पडदा म्हणजे ध्वनीने कंप पावणारा माइकमधला पातळ पापुद्रा) कंडेन्सर, म्हणजे बाहेरून वीज लागणारा, माइक १५ मिलिव्होल्ट देतो. सतारीचा विरत चाललेला नाद माइकपाशी साठ डेसिबलवर आला असेल, तर तो एक पास्कलचा पन्नासावा भाग असतो. डायनॅमिक माइकमधून त्याचे मिलिव्होल्टच्या शंभराव्या भागाच्या तीन-चारपट एवढेच काहीतरी हाती लागते, तर कंडेन्सरमधून ०.३ मिलिव्होल्ट. प्रीअँप बदलून तीन डेसिबल, माइक बदलून अठरा ते वीस डेसिबल. ही तुलना कागदावर मांडून मी विद्यार्थ्यापुढे ठेवली आणि प्रीअँपची खरेदी त्याच दिवशी थांबली.

कंडेन्सर माइकमध्ये स्वतःची विद्युतमंडले असतात आणि त्यांचाही हिस असतो, ज्याला सेल्फ नॉइज म्हणतात. रोड एनटी५ साठी तो १६ डेसिबल (ए), केएम १८४ साठी १३, आणि मोठ्या पडद्याच्या रोड एनटी१ साठी ४.५ असा उत्पादकांनी दिलेला आहे. एनटी५ चे गणित करून पाहिले. त्याची संवेदनक्षमता १२ मिलिव्होल्ट आहे, म्हणून त्याचा स्वतःचा आवाज प्रीअँपच्या दारात दीड मायक्रोव्होल्टच्या आसपास पोहोचतो. उणे १२८ डीबीयूच्या प्रीअँपचा आवाज ०.३ मायक्रोव्होल्ट असतो. दोन्ही मिळून जी भर पडते ती एक डेसिबलच्या दोन दशांशांहून जास्त नाही. असा माइक वापरायचा असेल तर प्रीअँपवरचा खर्च शांततेसाठी व्यर्थ आहे. त्याचे इतर गुण असू शकतात, पण आमची तक्रार शांततेची होती.

खोलीचे दुखणे

घरघर लोकलची होती. जुन्या इमारतीच्या भिंतींतून ती जमिनीत, जमिनीतून माइकच्या स्टँडमध्ये येत होती. माइकवरील ८० हर्ट्झचा कट (त्याखालचा आवाज कापणारे बटण) वापरण्याचा मोह स्वाभाविक होता, पण खर्जाचा षड्ज ६९ हर्ट्झवर असताना तो कट म्हणजे खर्जाची तारच काढून घेणे होते. आम्ही चाळीस हर्ट्झच्या खालचे तेवढे नंतर कापायचे ठरवले आणि बाकीचे काम खोलीत केले. स्टँडखाली जाड रबर ठेवले आणि लवचीक बंधांचा शॉकमाउंट वापरला. बाईंच्या बैठकीखाली मात्र काही घातले नाही, कारण त्यांना सवयीची सतरंजी आणि घट्ट जमीनच हवी होती.

उघड्या मोझेकच्या फरशीवरून आणि लोखंडी कपाटावरून येणारे परावर्तन हा वेगळा प्रश्न होता. घरात कापसाच्या चार जुन्या गाद्या होत्या. त्यांपैकी दोन कपाटापुढे आणि एक बाईंच्या समोरच्या भिंतीला टेकवून उभी केली. हाताच्या चारही बोटांएवढी जाड, पिंजलेल्या कापसाची गादी मध्यम आणि उंच स्वरांसाठी उत्तम शोषक असते, आणि बाजारातल्या पातळ फोमच्या पत्र्यांपेक्षा मी ती केव्हाही पसंत करीन.

वीज हा तिसरा भाग. जुन्या वायरिंगमध्ये अर्थिंग नीट नव्हते, आणि लॅपटॉपचा चार्जर जोडला की पन्नास हर्ट्झचा हम येई. शेजारच्या खोलीतील पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची बारीक चरचरही उतरत होती. लॅपटॉप बॅटरीवर चालवणे आणि तो पंखा पूर्ण वेगावर किंवा पूर्ण बंद ठेवणे, एवढ्याने काम भागले.

राहिली लोकलची वेळ. रात्री शेवटची गाडी गेल्यापासून पहाटे पहिली गाडी सुटेपर्यंतचे तीनेक तास खरे शांत असतात. मालकंस आणि दरबारी यांना ही वेळ शोभणारीच होती. पण सत्तरीच्या वादिकेला आठवड्यातून तीन रात्री जागवणे मला योग्य वाटले नाही, म्हणून रागांसाठी मोजक्या रात्री ठेवल्या. पाठांसाठी रविवारची दुपार निवडली, कारण मेगाब्लॉकच्या वेळी जवळच्या रुळांवरची वर्दळ कमी होते आणि पाठ छोटे असल्याने गाडी जाईपर्यंत थांबता येते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय लहान पडद्याच्या कंडेन्सर माइकची जोडी आणि हाताशी असलेला इंटरफेस. जमेची बाजू म्हणजे वेग: नखी तारेला लागल्याच्या क्षणाचे चित्र असा माइक अचूक देतो, आणि बाजूने आलेल्या ध्वनीचाही रंग फारसा बिघडवत नाही. उणी बाजू अशी की, यांपैकी अनेक माइकांचा प्रतिसाद उंच स्वरांत थोडा उचललेला असतो; केएम १८४ मध्येही तो नऊ किलोहर्ट्झच्या आसपास वर चढतो. जवारीची झंकार नेमकी त्याच परिसरात असल्याने सतार चिरकी होण्याची भीती होती.

दुसरा पर्याय मोठ्या पडद्याचा, अत्यंत कमी सेल्फ नॉइज असलेला एकच माइक. हिसच्या दृष्टीने हाच सर्वोत्तम. पण आमच्या खोलीची रात्रीची पातळीच तिशीच्या पुढे होती, त्यामुळे साडेचार डेसिबलचा पूर्ण लाभ तेथे मिळणारच नव्हता. फक्त उंच पट्ट्यात, जेथे खोली खरोखर शांत होती, तेथे थोडा फरक जाणवला असता.

तिसरा पर्याय रिबन माइक, म्हणजे धातूच्या पातळ फितीने ध्वनी टिपणारा. बायरडायनॅमिक एम १६० सारखा रिबन माइक जवारीला जो मऊपणा देतो तो मला व्यक्तिशः फार प्रिय आहे. मात्र त्याची संवेदनक्षमता पास्कलला एक मिलिव्होल्ट आहे, म्हणजे १५ मिलिव्होल्टच्या कंडेन्सरपेक्षा साडेतेवीस डेसिबल कमी. येथे प्रीअँपचा प्रश्न पुन्हा जिवंत होतो: साठ डेसिबलहून अधिक स्वच्छ गेन हवा, आणि मघाचे तीन डेसिबलही मोलाचे ठरतात. फँटम पॉवरवर (माइकच्या केबलमधूनच मिळणाऱ्या विजेवर) चालणारा छोटा बूस्टर मध्ये जोडून गेनची उणीव भरून काढता येते, पण रिबनमधून येणारा संकेत मुळातच क्षीण आहे हे त्याने बदलत नाही. शिवाय रिबन माइक आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचा हम ओढून घेतो, आणि या घरात व्होल्टेज स्टॅबिलायझर भिंतीपलीकडेच होता.

चौथा पर्याय स्टुडिओ भाड्याने घेण्याचा. तो बाईंनी लगेच नाकारला. वातानुकूलित खोलीत तारा बेसूर होतात, तेरा तरफा पुन्हा लावण्यात अर्धा तास जातो, आणि घड्याळ लावून आलाप होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते मला पूर्ण मान्य होते.

ऐकून केलेली निवड

आकड्यांनी पर्याय कमी केले. निवड मात्र कानांनीच व्हावी असे ठरले. मे महिन्यात दोन दिवसांसाठी तिन्ही प्रकारचे माइक भाड्याने आणले आणि एकाच वेळी, शक्य तितके जवळजवळ ठेवून, एकच वादन मुद्रित केले. नंतर तिन्ही ध्वनिमुद्रणांची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवली. ही पायरी लोक वगळतात आणि तेथेच फसतात, कारण थोडेसे मोठे ऐकू येणारे ध्वनिमुद्रण माणसाला नेहमी अधिक चांगले वाटते. बाईंना फक्त अ, ब, क एवढेच सांगितले होते.

घोडीसमोर सरळ रोखलेल्या लहान कंडेन्सरबद्दल त्या म्हणाल्या, “यात माझी नखी ऐकू येते, सतार नाही.” मोठ्या पडद्याच्या माइकला त्यांनी ‘भरलेला, पण माझ्यापासून लांब’ म्हटले. रिबनवर त्या बराच वेळ थांबल्या. “हा आवाज माझ्या गुरुजींच्या सतारीसारखा आहे,” एवढे बोलून त्यांनी पाठाचा तुकडा पुन्हा लावायला सांगितला, आणि षड्ज विरताना हेडफोन काढून ठेवला. शेवटच्या तीन सेकंदांत हिस होता. रागासाठी चालेल, पाठासाठी नाही, हा त्यांचा निर्णय होता, आणि तानपुरा वाजत असताना हिस झाकला जातो हे लक्षात घेता तो तांत्रिकदृष्ट्याही अचूक होता.

माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा क्षण यानंतर आला. लहान कंडेन्सर नापसंत ठरला म्हणून तो पर्याय बाद करण्याच्या बेतात आम्ही होतो. तेव्हा विद्यार्थ्याने विचारले की, बाई स्वतः सतार कुठून ऐकतात? त्यांचे कान घोडीसमोर कधीच नसतात. ते तबलीच्या (भोपळ्यावरच्या लाकडी फळीच्या) वर, दांडीच्या बाजूला असतात. मग माइक तोच ठेवून फक्त जागा बदलली.

माइकची जागा

घोडीसमोर उंच स्वरांची धार आणि नखीचा खटका जास्त असतो. दांडी जेथे तबलीला मिळते त्या सांध्याकडे सरकले की नाद गोल होतो आणि तरफा पुढे येतात. फार खाली, भोपळ्याच्या बाजूला गेले की आवाज पोकळ होतो. अंतराचेही तसेच: वीतभर अंतरावर कार्डिऑइड, म्हणजे समोरचे अधिक ऐकणारा, माइक खालचे स्वर फुगवतो, ज्याला प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात, आणि वादक किंचित हलला तरी रंग बदलतो, एक मीटरच्या पुढे गेले की आमची खोली ऐकू येऊ लागते.

शेवटी मुख्य माइक घोडीपासून पासष्ट सेंटिमीटरवर, बाईंच्या डोक्याच्या उंचीवर, सांधा आणि घोडी यांच्या मधोमध रोखून, पण अक्ष घोडीपासून सुमारे तीस अंश वळवून ठेवला. या वळवण्याने वरच्या पट्ट्यातील धार आपोआप मावळली, आणि तीही कोणताही इक्वलायझर न लावता. जोडीतील दुसरा माइक पहिल्याशेजारी, ओआरटीएफ या स्टीरिओ पद्धतीने सतरा सेंटिमीटर अंतर आणि एकशेदहा अंशांचा कोन ठेवून लावला. दोन माइक वाद्याच्या दोन टोकांना ठेवण्याचा प्रयोगही केला होता. पण बाई मींड घेताना डावीकडे झुकतात, त्यामुळे दोन्ही माइकांपर्यंतची अंतरे सतत बदलत आणि दोन्ही एकत्र केल्यावर षड्जाचा रंग हेलकावे घेई. तो प्रयोग पहिल्याच दिवशी सोडला.

तानपुरा मिरजेचा होता आणि एक विद्यार्थिनी तो छेडत असे. त्याला वेगळा माइक द्यायचा नाही असे मी सुचवले. ती बाईंच्या मागे दीड मीटरवर बसली की तानपुरा जोडीमध्ये जसा उतरायचा तसा उतरे, आणि नंतर त्याचे प्रमाण बदलण्याची सोय नसल्यामुळे तो किती हवा हे वादनाआधीच कानाने ठरवावे लागे. ही बांधिलकी मला हितकारक वाटली, तरी याबाबतीत दुसऱ्या ध्वनिमुद्रकाचे मत वेगळे असू शकते.

बाईंनी हे नवे ध्वनिमुद्रण ऐकले तेव्हा माइक तोच आहे यावर त्यांचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी तशा कंडेन्सरची जोडी, दोन जड स्टँड, शॉकमाउंट आणि चांगल्या केबल खरेदी झाल्या. प्रीअँप इंटरफेसमधलाच राहिला. दरबारीच्या दोन रात्रींसाठी रिबन माइक आणि त्याला शोभणारा स्वतंत्र प्रीअँप भाड्याने आणायचे ठरले; स्टॅबिलायझर त्या रात्रींपुरता बंद ठेवायला घरचे तयार झाले.

पावसाळ्यातील चूक

जुलैमध्ये मियाँ मल्हार मुद्रित करायचा होता. पाऊस थांबलेला, पत्र्यांवरची टपटपही बंद झालेली, अशी रात्र मिळाली. माइक विद्यार्थ्याच्या घरी वातानुकूलित खोलीत होते. तो टॅक्सीने आला, तीही वातानुकूलित, आणि पंधरा मिनिटांत माइक स्टँडवर चढले. आलाप वीस मिनिटे अप्रतिम झाला, आणि मग उजव्या चॅनेलवर तेल तडतडावे तसा आवाज सुरू झाला.

कारण शोधायला लांब जावे लागले नाही. तीस अंश तापमान आणि पंचाऐंशी टक्के आर्द्रता असताना दवबिंदू सत्तावीस अंशांच्या आसपास असतो. चोवीस अंशांचा माइक अशा हवेत उघडला की, थंड पाण्याच्या तांब्यावर धरते तशी ओल त्याच्या पडद्यावर आणि आतल्या अतिउच्च रोधाच्या भागांवर धरते, आणि विद्युतभार तेथून गळू लागतो. सेनहायझरच्या एमकेएच मालिकेतील माइक वेगळ्या, रेडिओ-फ्रीक्वेन्सीच्या तत्त्वावर चालतात आणि ओलीला फारशी दाद देत नाहीत, पण ते आमच्या अंदाजपत्रकाबाहेर होते. तो आलाप डाव्या चॅनेलवरून, एकाच माइकचा म्हणून जतन केला आहे. बाईंनी तोच आलाप पुन्हा वाजवण्यास नकार दिला, आणि तसा आग्रह धरणे मलाही शक्य नव्हते.

त्यानंतर माइक सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात बाईंच्याच घरी, त्याच खोलीत राहू लागले, आणि कामाआधी तासभर फँटम पॉवर चालू ठेवली जाऊ लागली. तडतड पुन्हा झाली नाही.

निष्पत्ती

पाठांचे काम नोव्हेंबरपर्यंत पूर्ण झाले. षड्जाच्या पाठात तरफा आता शांततेत विरतात; हिस शोधला तर सापडतो, पण तो नादाच्या मागे आहे. जवारीच्या पाठात बसलेली आणि उघडी जवारी यांतील फरक नवशिक्यालाही कळतो, आणि बाईंच्या लेखी कामाची कसोटी हीच होती. रिबनवर मुद्रित झालेल्या दरबारीचा रंग कंडेन्सरवरील मालकंसाहून वेगळा आहे. दोन्ही शेजारी ऐकताना ते खटकते, हे मान्य केले पाहिजे. जमवलेल्या रकमेतून काही शिल्लक राहिली आणि ती बाईंच्या सतारीची जवारी काढून (घासून नीट करून) घेण्यासाठी व पडदे बसवण्यासाठी वापरली गेली. ध्वनीच्या दृष्टीने तो खर्च कोणत्याही प्रीअँपपेक्षा अधिक फलदायी ठरला, कारण दोन पडद्यांवरची बारीक खरखर माइकची समजून आम्ही आठवडाभर शोधत होतो.

वेगळे काय करता आले असते

वाद्याची दुरुस्ती अगदी आरंभी व्हायला हवी होती. ती उशिरा झाल्यामुळे सुरुवातीचे चार पाठ जुन्या जवारीवर राहिले आणि नंतरच्या पाठांशी ते जुळत नाहीत.

रेझिस्टरची मोजणी पहिल्याच भेटीत करता आली असती. त्या दोन दिवसांत खरेदी झाली असती तर परत फिरणे अवघड होते. माइक भाड्याने आणून ऐकण्यासाठी दोनऐवजी चार दिवस घेतले असते, तर जागेचा विचार निवडीआधी झाला असता. जागा न बदलता तीन माइकांची तुलना करणे ही माझी पद्धतीतली चूक होती: तिन्ही माइक घोडीसमोर ठेवून आम्ही माइकांची नव्हे, तर ती जागा कोणाला कमी जाचते याची परीक्षा घेत होतो.

मियाँ मल्हारच्या रात्री जुना डायनॅमिक माइक तिसऱ्या वाटेने, वेगळ्या रेकॉर्डरवर चालू ठेवला असता तर उजवी बाजू काही अंशी भरून काढता आली असती. तो माइक त्या वेळी खोलीतच, कपाटावर पडलेला होता.

नोंदींच्या बाबतीतही ढिलाई झाली. माइकची जागा आम्ही सुरुवातीला छायाचित्रांवरून पुन्हा लावत होतो, आणि छायाचित्रातून अंतर कळत नाही. सप्टेंबरात बाईंनी सुतळीचा एक तुकडा मागून घेतला, तिचे एक टोक घोडीपाशी धरले, दुसरे माइकच्या जाळीपर्यंत ताणले आणि तेथे गाठ मारली. कोनासाठी दुसरी गाठ दांडीच्या सातव्या पडद्यापासून मोजून घेतली. तेव्हापासून प्रत्येक बैठकीआधी ती सुतळी लावूनच माइक बसवला गेला, आणि सप्टेंबरनंतरच्या सर्व पाठांचा रंग एकसारखा आहे.